मुंबई ते न्यूयॉर्क किती तास? जाताना वेगळे, येताना वेगळे

माझी थोरली बहीण न्यू जर्सीत असते. आई पहिल्यांदा तिच्याकडे निघाली तेव्हा तिकिटाचा कागद तिनं चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला हाक मारली. “अगं, जाताना रात्री दोनला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोचायचंय. येताना मात्र सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी अकराला. हे काय गौडबंगाल आहे?”

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, एवढं मी तिला सांगितलं. पुढचा हिशेब तिनंच बोटांवर केला. जाताना सहा अधिक साडेनऊ, म्हणजे साडेपंधरा तास. येताना चोवीसातून साडेनऊ गेले, राहिले साडेचौदा. हिशेब जमला, पण समाधान झालं नाही. “जायचा रस्ता आणि यायचा रस्ता एकच ना? मग मधला एक तास गेला कुठे?”

मला हा प्रश्न फार आवडला. त्याचं उत्तर द्यायचं तर पृथ्वीचा आकार, आभाळातले वारे आणि देशादेशांतली भांडणं, सगळंच बोलावं लागतं. आईला जसं समजावलं तसंच इथे लिहिते आहे.

आधी अंतराचं बघू. मुंबई ते नागपूर किती किलोमीटर, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगतो? रेल्वेनं जाणारा ८३७ म्हणेल. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. नकाशावर पट्टी ठेवून सरळ मोजलं तर साधारण ६८०. तिन्ही आकडे खरे, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा. विमानाला डोंगर फोडावे लागत नाहीत की पूल बांधावे लागत नाहीत, म्हणून त्याच्या बाबतीत सरळ अंतर धरायचं. नागपूरपर्यंत ते पट्टीनं मोजता येतं. न्यूयॉर्कला पट्टी फसवते.

घरात शाळेच्या वेळचा पृथ्वीगोल होता. आईला मी दोरा आणायला सांगितला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरायचं आणि ताणायचा. तिला वाटलं होतं, दोरा अरबी समुद्र ओलांडून सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्को आणि मग अटलांटिक असा जाईल, कारण भिंतीवरच्या नकाशात अमेरिका आपल्या डावीकडे आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ खरोखर तशीच जाते. इजिप्तमध्ये लक्झरजवळून, मोरोक्कोत माराकेशजवळून. पण ताणलेला दोरा तिथे थांबेना. तो सरकून वर गेला. मुंबईतून सिंध, क्वेट्ट्याच्या आसपास, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग. मग थेट मॉस्को. तिथून हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, आणि तिथून खाली उतरत न्यूयॉर्क.

आई बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत होती. “म्हणजे अमेरिकेला जायचा जवळचा रस्ता आइसलँडवरून?”

हो. गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता नेहमी अशा वर्तुळाचा तुकडा असतो, जे वर्तुळ गोलाचे बरोबर दोन समान अर्धे करतं. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त, पण गोलावर कुठल्याही कोनात अशी वर्तुळं काढता येतात. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन्हींतून जाणारं बृहद्वृत्त वर जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतं. या वाटेनं निघालेलं विमान मुंबईहून वायव्येच्याही पुढे, जवळपास उत्तरेकडे तोंड करून निघेल आणि न्यूयॉर्कला पोचताना मात्र नैर्ऋत्येकडे जात असेल. मधे कुठेही वळण घेतलेलं नसेल. वाकडी दिसते ती आपल्या सपाट कागदावरची रेघ.

त्या कागदाचा दोष नाही. भिंतीवर टांगतो तो नकाशा बहुतेक वेळा गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये काढलेल्या पद्धतीचा असतो. तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची सुई एकाच कोनावर धरून जहाज हाकलं तर त्याची वाट या नकाशावर सरळ रेघ म्हणून येते, आणि समुद्रावर त्याचा फार उपयोग होता. बदल्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. फुगलेल्या भागातून जाणारी जवळची वाट मग लांब आणि कमानदार दिसते.

आता आकडे. दोऱ्याच्या वाटेनं मुंबई ते न्यूयॉर्क साधारण १२,५३० किलोमीटर. सपाट नकाशावरच्या सरळ रेघेनं गेलो तर १४,२०० किलोमीटर. जवळपास १,७०० किलोमीटरचा फरक, म्हणजे विमानाचे दोन तास. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, तर त्यानं अंतर वाढत असेल ना, असंही आईनं विचारलं. वाढतं, पण सगळ्या प्रवासात मिळून वीस-बावीस किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे, तिच्यापुढे अकरा म्हणजे काहीच नाही.

लांब पल्ल्याची आजची प्रवासी विमानं त्या उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. आवाजाच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के. त्याहून पुढे गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन वाया जातं, म्हणून जगातली जवळजवळ सगळी मोठी प्रवासी विमानं याच वेगाच्या आसपास असतात. १२,५३० भागिले ९०० केलं की चौदा तासांहून थोडा कमी वेळ येतो. तिकिटावर मात्र साडेपंधरा आणि साडेचौदा. वरचा वेळ कुठून आला, आणि दोन्हीकडे सारखा का नाही?

इथे बऱ्याच जणांच्या मनात एक उत्तर तयार असतं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून एका दिशेला विमानाचा फायदा होतो. काही जण तर म्हणतात, विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी खालून पृथ्वी सरकत राहील आणि न्यूयॉर्क आपोआप येईल. तसं होत नाही. मुंबईतली जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे जाते आहे. तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच जाते आहे, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. धावत्या एसटीत नाणं वर उडवलं तर ते मागच्या सीटवर पडत नाही, आपल्याच हातात येतं. तसंच हे. पृथ्वीच्या फिरण्यानं विमानाला थेट काही मिळत नाही.

पण वळसा घालून ते फिरणं विमानापर्यंत पोचतंच, वाऱ्याच्या रूपानं. विषुववृत्ताजवळची हवा तापलेली, ध्रुवाजवळची गार. उष्ण हवा वरच्या थरातून ध्रुवाकडे जाऊ लागते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे वाटेत पूर्वेकडे वळते. उष्ण आणि गार हवेच्या सीमेवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, वाऱ्याच्या अरुंद आणि वेगवान पट्ट्या तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, कधी तीनशेच्याही वर. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडचा गारठा वाढतो, तापमानातली दरी रुंदावते आणि हे वारे जोर धरतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. जगभर वाचला जावा म्हणूनच त्यांनी ही भाषा निवडली, पण फार थोड्यांनी तो वाचला. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना समोरच्या वाऱ्यानं अडवलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. मला ओइशींबद्दल नेहमी हळहळ वाटते.

खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. वल्ही तेवढ्याच जोरानं मारली तरी ओहोटीबरोबर होडी झपाझप जाते आणि ओहोटीविरुद्ध रखडते. होडीचा पाण्यातला वेग तोच, काठाला धरून मोजलेला वेग वेगळा. विमानाचेही असे दोन वेग असतात. हवेतला वेग ९०० आहे, तो इंजिन आणि पंख ठरवतात. जमिनीवरून मोजलेला वेग वारा ठरवतो. समजा पूर्ण वाटेवर सरासरी ६० किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो समोरून, म्हणून जमिनीवरचा वेग ८४० आणि वेळ सुमारे १४ तास ५५ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९६० आणि वेळ १३ तास ३ मिनिटं. रस्ता तोच, विमान तेच, आणि फरक जवळजवळ दोन तासांचा. आईचा हरवलेला तास इथे आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ होतं. त्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, म्हणजे कागदावर आवाजाहून जास्त. तरी विमानानं आवाजाची भिंत ओलांडली नव्हती, कारण ज्या हवेतून ते जात होतं ती हवाच त्याला घेऊन पळत होती.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र आपल्याकडचं आहे. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं ते उलट दिशेला, पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून पाठवायला सुरुवात केली. ती वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीच्या वाटेपेक्षा लवकर. पश्चिमेला असलेल्या अमेरिकेला पूर्वेकडून जाणं फायद्याचं ठरलं, ते केवळ पाठीवरच्या वाऱ्यामुळे.

म्हणूनच कुठल्याही दोन दिवशी विमानाची वाट अगदी सारखी नसते. उड्डाणाच्या काही तास आधी डिस्पॅचर नावाचे जमिनीवरचे तज्ज्ञ वाऱ्याचे नकाशे बघून त्या दिवसाची वाट आखतात. उत्तर अटलांटिकवर तर रोज नव्यानं हवाई मार्ग ठरतात. कॅनडातलं गँडर आणि ब्रिटनमधलं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं दिवसातून दोनदा ते जाहीर करतात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे मार्ग जेट स्ट्रीम टाळून, पूर्वेकडे जाणाऱ्यांचे तिच्या कुशीतून.

वाऱ्याला आपण दोष देऊ शकत नाही. पुढची अडचण माणसांनी केलेली आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. दोऱ्याची वाट पुन्हा आठवा: सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, मॉस्को. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं, ते जुलैत उघडलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून युक्रेनचं आकाश रिकामं आहे, आणि युरोप-अमेरिकेच्या कंपन्या आणि रशिया यांनी एकमेकांना आपापली आकाशं बंद केली आहेत. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यातल्या युद्धात इराण-इराकवरची वाटही काही काळ मिटली. दोरा सांगतो ती वाट असताना विमानाला समुद्रावरून, आखातावरून वळसा घ्यावा लागतो. दिल्लीकरांना याचा फटका जास्त बसतो. मुंबईला निदान दारात अरबी समुद्र आहे, तो कुणी बंद करू शकत नाही.

वळसा म्हणजे नुसता वेळ नव्हे, इंधनही. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ३५१ टन, आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यात १४५ टन नुसतं इंधन. वजनाचा चाळीस टक्के भाग! आणि हे इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. पहिल्या काही तासांत विमान शेवटच्या तासांचं इंधन पाठीवर घेऊन उडत असतं. म्हणून वाट हजार किलोमीटरनं वाढली की कधी माल कमी घ्यावा लागतो, कधी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, आणि कधी वाटेत उतरून इंधन भरावं लागतं. २०२५ मध्ये भारतातून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नाला याचसाठी थांबली.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक नियम असतो. एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात उतरता येईल असा विमानतळ वाटेवर सतत जवळपास हवा. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरलं. दोनशेहून जास्त प्रवासी त्या दूरच्या गावात अडकले आणि दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेलं. नकाशावर वाट कोरी दिसत असली तरी अशा गावांची नावं वैमानिकाच्या कागदावर आधीच लिहिलेली असतात.

तिकिटावरच्या वेळेत थोडं किरकोळही असतं. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसरीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांगेत उभं राहण्याचा वेळ धरावाच लागतो. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, तोही धरायचा.

घरी बसून अंदाज काढायचा असेल तर आईला मी दिलेली रीत सांगते. सरळ अंतराला ९०० नं भागा, वर पाऊण तास मिळवा. लांब पल्ल्यावर पश्चिमेकडे जात असाल तर आणखी अर्धा ते एक तास. मुंबई-नागपूर: पाऊण अधिक पाऊण, दीड तास. बरोबर येतं. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर: आठ अधिक पाऊण, म्हणजे पावणेनऊ. येताना साधारण तेवढेच लागतात, जाताना साडेनऊ-दहा. आकाश बंद असलं की ही रीत चुकते, तिथे इलाज नाही.

घड्याळांचा फरकही वर्षभर एकसारखा नसतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. म्हणून न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकिटावरून प्रवासाचा वेळ काढताना आधी तारीख बघा.

आणि एक गंमत. साठ अंश उत्तरेला जमीन फिरण्याचा वेग ताशी ८३५ किलोमीटर उरतो, कारण तिथलं वर्तुळ विषुववृत्ताच्या निम्मं असतं. तिथून ९०० च्या वेगानं पश्चिमेला जाणारं विमान सूर्याच्या बरोबरीनं चालतं. दिवसा निघालात तर दुपार संपतच नाही, रात्री निघालात तर पहाट होता होत नाही.

आईच्या सामानात ताईसाठी मेतकूट, भाजणी आणि आनंदीबाई जोशींचं चरित्र होतं. ते पुस्तक तिनं मुद्दाम घेतलं. आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये अठराव्या वर्षी कोलकात्याहून जहाजानं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ नं न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, लंडनमार्गे. मुंबईहून न्यूयॉर्कला कुठेही न थांबता जाणारं एअर इंडियाचं विमान आलं १ ऑगस्ट २००७ ला. आनंदीबाई ज्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या ते न्यू जर्सीत रोझेल या गावी राहायचं. आता आपली माणसं ज्या नेवार्क विमानतळावर उतरतात, तिथून ते गाव थोड्याच अंतरावर आहे.

पोचल्यावर आईचा फोन आला. विमान वेळेच्या वीस मिनिटं आधी उतरलं होतं. तब्येत, जेवण, झोप यांतलं काही सांगण्याआधी तिनं विचारलं, “काय गं, आज वर वारा कमी होता का?”